शमीम आपांचे दोन आरसे

परवा व्हिडिओ कॉलवर मिहीरने मांडीमागचा लाल चट्टा मला दाखवला. मधे फिकट, कडेला लाल, पाण्यात खडा पडल्यावर उठते तशी गोल कड. गवतात खेळताना गोचीड चावली, तिकडे परदेशातल्या डॉक्टरांनी चट्टा बघताक्षणी ओळखला आणि गोळ्या दिल्या, असं त्याने मला पदक मिळाल्याच्या आवाजात सांगितलं. अनघा म्हणाली, "आई, मी रोज अंघोळीच्या वेळी दोघांना तपासते, म्हणून लवकर सापडला." त्यावर सई कुरकुरली, "ही केसांतसुद्धा बघते. कानामागेपण बघते!"

मी हसले, आणि मग मला काही बोलता येईना. मिहीर, सई, तुम्हाला वाटलं नेट गेलं. "आजी अडकली," असं म्हणत तुम्ही दोघं स्क्रीनवर बोटं आपटत राहिलात. नेट गेलं नव्हतं. मला शमीम आपा आठवल्या होत्या.

ही तपासणी तुमच्या आईने पुस्तकात वाचलेली नाही. ती बुलढाण्याहून, आमच्या भिंतीपलीकडून तुमच्याकडे आली आहे. ती ज्यांची, त्या आपांविषयी तुम्हाला माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे. मिहीरला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. सावकाश वाच.

आपांच्या आणि आमच्या घरामधे कमरेइतकी भिंत आहे. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरची नोकरी संपल्यावर त्यांनी ते घर घेतलं आणि पुढच्या व्हरांड्यात सकाळचा दवाखाना सुरू केला. एक बाक, एक टेबल आणि कोपऱ्यात दोरीवर टांगलेला हिरव्या चादरीचा पडदा. पडद्यामागे तपासायची खाट. आपा बुटक्या, काटक, मनगटावर पुरुषी घड्याळ. सलवार-कमीजवर पांढरा कोट, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून हनुवटीखाली पिन लावलेली. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा एक केस माझ्या दृष्टीला पडला नव्हता.

त्यांचे आवाज दोन होते. व्हरांड्यातला आवाज रस्त्यापर्यंत जायचा. "पुढे सरक! खोकलायचं तं तोंडाले पदर लाव!" पडद्याआड गेल्या की तोच आवाज इतका बारीक व्हायचा, की बाकावरच्यालाही शब्द कळू नये. खेड्यांतून बाया त्यांच्याकडे यायच्या त्या त्या दुसऱ्या आवाजासाठी. घरात कोणाला सांगता येत नाही ते तिथे कुजबुजून सांगता यायचं.

लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आला होता एक. मी त्याला म्हटलं, जीभ दाखव. पळाला."

तापाचा पेशंट आला की आपांची एकच पद्धत. पडदा ओढायचा, टॉर्च घ्यायचा आणि टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत अंग बघायचं. काखेत, छातीखाली, नाडी बांधतात तिथे, जांघेत, केसांत, कानामागे. बाया लाजायच्या. आपा म्हणायच्या, "अल्लाला सगळं दिसते, तुझ्या देवालेही दिसते. एक मलेच नाही दिसत. दाखव."

त्या शोधायच्या तो एक काळा डाग. गोचिडीचा ताप आपल्याकडे आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. पावसाळा सरताना ताप आला की टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू, एवढ्यावर लोक थांबतात. गोचीड चावते ते दुखत नाही, म्हणून आठवतही नाही. पण ती जिथे चावते तिथे पुष्कळदा खपली धरते, काळी, जळक्या काडीच्या टोकासारखी. ती दिसली की अर्धं काम झालं. औषध साधं आहे, मिहीरला दिलं तेच. ते वेळेवर पडलं तर माणूस पटकन उठून बसतो. उशीर झाला तर ताप मेंदूत जातो, मूत्रपिंडात जातो, कानात जातो.

"डाग नाही, असं कधी म्हणायचं नाही," आपा सांगायच्या. "मी पाहिला नाही, असं म्हणायचं."

त्यांचा दवाखाना माझ्या सकाळच्या चहाच्या खुर्चीतून दिसायचा. आजोबा पेपर वाचायचे, मी दवाखाना. त्यात बघितलेली एक सकाळ सांगते. मोताळ्याकडच्या खेड्यातली एक तापाने फणफणलेली सून आली होती. बरोबर तिची सासू आणि तिची आई. आई लेकीला घेऊन पडद्यामागे गेली आणि दोनच मिनिटांत किंचाळत बाहेर आली.

"पाह्य व माय, कसा चटका देल्ला माह्या पोरीले! कंबरेवर बिडी इझवली या बाईनं!"

सासू बाकावरून ताडकन उठली. तिच्या कानावर खरोखरच अर्धी बिडी खोवलेली होती. "मी बिडी ओढतो, हाव. पन सुनेच्या कंबरेले कायले लावू? राखेची जागा नाही का घरात?"

"तुह्या घरात काय काय होते ते सांगू का साऱ्याइले?"

"सांग न! सांग!"

बाकावरची माणसं सरसावून बसली. तेवढ्यात पडदा बाजूला करून आपा आल्या. "दोघी चूप. एकदम चूप." मग मागे वळून विचारलं, "पोरी, दुखते का तो डाग?"

आतून क्षीण आवाज आला, "नाही."

"तुले माहीत होता का?"

"नाही. मायनं पाह्यला तवाच समजला."

आपा सासूकडे वळल्या. "बिडीचा चटका असा न दुखता लागते का? तूच सांग, तुले अनुभव असंन."

सासूने चटकन बोटं पुढे केली. बोटांवर जुने डाग होते. "हे पाह्य. रात रात ठणकते."

"हां. मंग ही बिडी नाही. गोचीड हाये. गोठा कोण झाडते?"

"सूनच झाडते."

"अन् गोचिड्या काढून काय करते?"

"काय करन? नखावर चिरडते."

"तिथंच चुकते," आपा म्हणाल्या. "चिमट्यानं काढायची, रॉकेलात टाकायची. नखाले लागू द्यायची नाही. तिचं रक्त तुमच्या अंगात गेलं की झालं."

सून बरी झाली. पुढच्या खेपेला सासू एकटीच आली, तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. म्हणाली, "डाक्टरीणबाई, तुमी नसत्या तं आज मी जेलात असती अन् माही सून मसनात." आपांनी शेंगा घेतल्या आणि तिच्या कानावरची बिडी काढून खिडकीबाहेर फेकली.

दुसरी गोष्ट आहे तीत मीही होते, पण नुसती उभी. गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई स्वतःच्या खोकल्यासाठी आली आणि जाता जाता म्हणाली, घरी पोरीला माय आली आहे. अंगावर पुरळ, ताप. माय आली म्हणजे देवी अंगात उतरली असं समजतात. दाराला कडुनिंब बांधतात, घरात फोडणी देत नाहीत आणि औषध तर मुळीच नाही, मायचा कोप होतो म्हणून. आपा कोट काढता काढता भिंतीवरून मला म्हणाल्या, "चला बाई. मी एकटी गेले तर म्हणतील, मुसलमानीण मायच्या मधात पडली. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

मी उभी राहिले. दारात पोरीची आजी बसली होती, वर कडुनिंबाचा डहाळा. "घरात माय हाये," ती म्हणाली. "दवाई चालत नाही."

आपांनी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेरच उकिडव्या बसल्या. "दवाई नाही आणली. पोरीचे हात तेवढे पाहू द्या."

पोरीला दारापर्यंत आणलं. आपांनी तिचे तळहात उघडून आजीसमोर धरले. लालसर ठिपके होते.

"आजी, तुमी लय माया पाह्यल्या असन. तळहातावर येते का माय?"

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. तिने पोरीचे तळपायही उलटून बघितले. शेवटी म्हणाली, "नाही येत."

"मंग हे कोण हाय?"

आपांनी टॉर्च मागितला, तो माझ्याच पिशवीत होता, आणि पोरीच्या काखेत त्यांना खपली सापडली. उठताना म्हणाल्या, "कडुनिंब राहू द्या दाराले, गोळी जाऊ द्या पोटात. दोघींचं काही भांडण नाही." रिक्षात बसल्यावर आपांनी टॉर्च माझ्या पिशवीत परत ठेवला. त्याच म्हणाल्या, "अशाच एका दाराहून मी एकदा परत फिरले होते, बाई. नवी होते. लोकांच्या देवाचा मान राखला." तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता त्यांच्या एकटेपणाविषयी. आपांचं माहेर रोहिणखेडचं. तिथे आता कोणी उरलं नव्हतं. एक बहीण होती, तीही गेली. त्या बहिणीचा मुलगा वसीम नागपूरला. दर जुम्म्याला त्याचा फोन यायचा. "खाला, इकडे या. वरची खोली रिकामी आहे." फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मलाही ऐकू यायचा. आपांचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या दिवशी मी इथं आजारी पडेन आणि शेजारच्या बाईंनाही कळणार नाही, त्या दिवशी घेऊन जा. त्याच्या आधी नाही." मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावायच्या. वरच्या खोलीला त्या फार घाबरत. "वरच्या खोलीत काय करू? खालून चहा येईल, वरून कप जाईल." त्यांना ते घर हवं होतं, तो पडदा हवा होता, आणि मागच्या अंगणातली बकरी.

बकरीचं नाव राणी. तिच्या दुधाशिवाय आपांचा चहा होत नसे. रोज संध्याकाळी त्या राणीला पाटाशेजारी उभं करून चिमट्याने तिच्या अंगावरच्या गोचिड्या टिपायच्या आणि रॉकेलच्या बाटलीत सोडायच्या. दागिने मोजून ठेवावेत तशा सावधपणे. नंतर दूध काढायला बसल्या की मात्र राणीच्या पोटाला डोकं टेकवून डोळे मिटायच्या. दिवसभरात कोणाला टेकलेल्या मी त्यांना तेवढ्याच वेळी पाहिलं.

तुमचे आजोबा गेले, त्यानंतर आलेले सगळे आपापल्या गावी परतले. घर एकदम मोठं झालं. आपा फाटकातून आत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता तुमची पाठ कोण बघतं?"

मला राग आला. हे काय विचारणं झालं? मग लक्षात आलं, की त्या सांत्वन करत नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. मुंगी चावली तर कळतं, काय चावलं ते कळत नाही. आजोबा असताना मी "जरा बघा हो" म्हणायचे आणि ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे. ते गेल्यावर कितीतरी गोष्टी आठवल्या होत्या, ही नव्हती आठवली. आठवली तेव्हा मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

तेव्हापासून रविवारी मी न्हाले की आपा टॉर्च घेऊन यायच्या. मागच्या ओट्यावर उन्हात मला बसवून पाठ, मान, केस बघायच्या. "ओपीडी सुरू," म्हणायच्या. बुलढाण्याच्या थंडीत ते ऊन आणि केसांतून फिरणारी ती टोकदार बोटं मला बरी वाटायची. मी एकदा म्हटलं, "आता तुम्ही बसा, मी बघते."

"माझे दोन आरसे आहेत," त्या म्हणाल्या.

ते मी पाहिले होते. एक कपाटाच्या दाराचा, एक त्यांच्या अम्मींचा, पितळी दांड्याचा. एकात पाठ करून दुसऱ्यात बघायचं.

"मी काय परकी आहे का?"

"परक्या नाही. पण आरसा कोणाला सांगत नाही, बाई. आणि मला मग त्याच्याकडे बघून हसावं लागत नाही." विषय संपला. अख्ख्या तालुक्याला "दाखव" म्हणणाऱ्या आपांना स्वतःचं काही दाखवायचं नव्हतं.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मी तुमच्याकडे आले ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या घरामागचं ते उंच गवत आणि झाडी पाहून मी अनघाला आपांची सगळी शिकवण दिली. सई, तुझे केस बाजूला करून कानामागे कसं बघायचं ते मी तिला दाखवलं तेव्हा तू मला चावली होतीस. आपांना मी फोनवर ते सांगितलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "पोरगी डॉक्टर होईल. पेशंटनं चावलं म्हणजे जागा बरोबर आहे."

नंतरच्या फोनवर आवाज जड वाटला. "हवा बदलली. थोडा ताप आहे. तुम्ही नातवंडांत राहा." त्यापुढचा फोन त्यांनी उचलला नाही. मी दिवाळीच्या तोंडावर परत येणारच होते, ती आले.

फाटक उघडलं तेव्हा दुपार होती. राणी ओरडत होती. न पिळलेल्या बकरीचं ओरडणं वेगळं असतं, ते मला तेव्हा कळलं. आपा आतल्या खोलीत पलंगावर होत्या, हाताला सलाईन. शेजारी निखिल बसला होता. निखिल आमच्या गल्लीतला, आता मोठा डॉक्टर आहे. त्याचा जन्म आपांच्याच हातचा.

"काकू, बरं झालं आलात," तो म्हणाला. "डेंग्यूसारखं वाटतंय. प्लेटलेट्स कमी झाल्यात, पण डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. दवाखान्यात चला म्हणतो तर येत नाहीत. नागपूरला कळवू नको म्हणून शपथ घातली आहे. आता मी ऐकणार नाही."

"गोचीड?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आपा म्हणाल्या, मी पाहिलं आहे, डाग नाही." त्याने सलाईनची नळी सरळ केली. "काकू, ह्या बाबतीत आपा नाही म्हणाल्या, की नाही. मी त्यांना काय सांगणार? आणि मी त्यांना... म्हणजे, मी कसं तपासणार? मी त्यांच्यापुढे अजून उघडाच आहे."

मी त्याला दोष देत नाही. आपल्याकडे ज्या बाईच्या हातांवर आपण जन्मलो तिला "कपडे काढा" म्हणता येत नाही. बाहेरगावचा कोणी डॉक्टर असता तर त्याला आपा कोण ते माहीत नसतं आणि त्याने सरळ तपासलं असतं.

मी निखिलला बाहेर बसवलं. आपांचे डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तळहात उलटा केला. लालसर ठिपके होते, फिकट, कालपरवाचे. कडुनिंबाखालच्या त्या पोरीचे होते तसे.

"आपा, डाग?"

"नाही," त्या पुटपुटल्या. "पाहिलं."

"आरशांत?"

"दोन्ही आरशांत."

"डाग नाही, असं म्हणायचं नाही," मी म्हटलं. "मी पाहिला नाही, असं म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखं. उशाखालचा टॉर्च मी काढला. पाठ बघितली, काखा बघितल्या, कंबर बघितली. त्या डोळे मिटून पडून राहिल्या, एखादी लाजरी सून पडून राहावी तशा. कुठे काही नव्हतं. मग मी हनुवटीखालच्या पिनेला हात लावला, तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं. इतक्या तापात केवढा जोर होता त्या हातात!

"आपा, अल्लाला दिसतंच," मी म्हणाले. "एक मलाच नाही दिसत."

मग पकड सैल झाली.

ओढणीखाली केस फार थोडे होते. पांढरे, टोकांना कधीकाळच्या मेंदीचा केशरी रंग. लहान मुलीच्या असतात तशा दोन बारीक वेण्या, रबरं लावलेल्या. मला त्या वेण्यांची कल्पनाच नव्हती. रोज सकाळी त्या आरशासमोर बसून दोन वेण्या घालत असतील आणि वरून ओढणी गुंडाळत असतील. मी केस बाजूला करत गेले. डाव्या कानामागे, केस सुरू होतात तिथून जरा वर, ती होती. काळी खपली, भोवती लाल कड. राणीच्या पोटाला टेकायची ती बाजू. कुठल्याही दोन आरशांतून ती दिसली नसती.

मी निखिलला हाक मारली. त्याने बघितलं, कपाळावर हात मारून घेतला आणि मोटारसायकल घेऊन गोळ्या आणायला धावला. त्याच संध्याकाळी वसीमला फोन गेला. आपा रागावल्या नाहीत. तेवढी ताकद नव्हती.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. आपा उठून बसल्या, राणीचा चहा मागितला. वसीम आला होता, त्याला म्हणाल्या, "बाईंना कळलं की नाही? मग शर्त मीच जिंकले. तू जा." तोही हसला आणि गेला. आम्हाला वाटलं, निभावलं. आम्ही त्यांच्याशी बोलायचो आणि त्या "हो, हो" म्हणून हसायच्या. त्या आमच्या तोंडाकडे बघून हसताहेत, ऐकून नाही, हे लक्षात यायला वेळ लागला. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडं परत येईल, सगळं नाही. मशीन बसवलं. त्यात त्यांना पंख्याचा आवाज माणसापेक्षा मोठा ऐकू यायचा.

तरी त्यांनी दवाखाना उघडला. सकाळी कोट चढवला, बाक पुसला. मी माझ्या खुर्चीत होते. पहिल्याच दिवशी एक तरुण बाई आली आणि तिला घेऊन आपा पडद्यामागे गेल्या. नेहमीची कुजबुज सुरू झाली.

"काय? जोरात बोल," आपांचा आवाज आला. तो दुसरा, बारीक आवाज आता त्यांच्यापाशी नव्हता. स्वतःचाही आवाज त्यांना कळत नव्हता.

पुन्हा कुजबुज.

"जोरात सांग न व! काऊन लाजून राह्यली?"

मग त्या बाईने सांगितलं. जोरात. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. पण बाकावरच्या साऱ्यांनी ऐकलं, रस्त्यावर स्कूटर लावणाऱ्यानेही ऐकलं. कोणीतरी फिसकन हसलं. बाई पडदा ढकलून बाहेर आली, पदर तोंडावर घेऊन, कोणाकडे न बघता फाटकाबाहेर निघून गेली.

आपा पडद्याबाहेर आल्या. त्यांना हसू ऐकू आलं नव्हतं, पण बाकावरचे चेहरे दिसले. त्या एकेका चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी उरलेल्या पेशंटांना निखिलकडे पाठवलं. मग खुर्चीवर चढून पडद्याची दोरी सोडली, हिरवी चादर झटकली, कडेला कड जुळवून घडी घातली. मी भिंतीपाशी गेले. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "वसीमला फोन लावा, बाई. मला ऐकू येणार नाही, तुम्हीच सांगा."

मी खूप समजावलं. कागदावर लिहून समजावलं. हात धरून म्हटलं, दवाखाना नको, नुसत्या राहा. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "नुसतं राहायचं, तर वरची खोली काय वाईट?"

राणी मोताळ्याच्या त्या बिडीवाल्या सासूकडे गेली. ती स्वतः टेम्पो घेऊन आली होती. आपांनी तिला चिमटा दिला आणि बाटली दिली, आणि बकरी हाती देण्याआधी तिच्याकडून दोनदा चिमट्याने गोचीड काढवून घेतली.

जायच्या आदल्या रविवारी मी न्हाले. आपा टॉर्च घेऊन आल्या, माझं डोकं बघितलं. झाल्यावर उठल्या नाहीत. माझ्या पायरीच्या खालच्या पायरीवर बसल्या, पाठमोऱ्या, आणि स्वतःच पिन काढली. बोलून उपयोग नव्हता. त्या दोन वेण्या सोडून मी सावकाश, शेवटच्या केसापर्यंत बघितलं आणि पुन्हा घातल्या.

वसीमची गाडी सकाळी निघाली. आपा मागच्या सीटवर, मांडीवर पितळी दांड्याचा आरसा, टॉवेलात गुंडाळलेला. काच खाली होती. मी वाकून विचारलं, "आपा, तिकडे तुमचं डोकं कोण बघेल?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "हो, हो," म्हणाल्या आणि हसल्या. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तशाच हसल्या. वसीमने गाडी सुरू केली.

गाडी वळणापाशी हळू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. दोन बोटं कानामागे नेली, ओढणीवरूनच केस बाजूला केल्यासारखी फिरवली, आणि मग तीच बोटं माझ्याकडे रोखली, "आणि तुमचं?" असं विचारल्यासारखी.